युरोपातील पत्रकार आणि न्यायालयाच्या वाटेने येणारी सेन्सॉरशिप

टिपणवही

युरोपातील वृत्तपत्रस्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा दोन टोकांवरून होते. एका टोकाला नॉर्वेसारखे देश असतात, ज्यांचे नाव जागतिक क्रमवारीत वर्षानुवर्षे पहिल्या ओळीत दिसते. दुसऱ्या टोकाला रशिया आणि बेलारूस असतात, जिथे न पटणारी बातमी देणाऱ्याची रवानगी सरळ तुरुंगात होते. या दोन टोकांच्या मध्ये जो मोठा युरोप आहे, जिथे निवडणुका वेळेवर होतात, न्यायालये चालतात आणि राज्यघटनेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी लिहिलेली असते, तिथे पत्रकाराचे तोंड कसे बंद केले जाते याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. हा धागा त्या मधल्या युरोपाविषयी आहे आणि त्याची सुरुवात मी माल्टापासून करतो.

माल्टा हा भूमध्य समुद्रातील साधारण पाच लाख वस्तीचा देश २००४ पासून युरोपीय संघाचा सदस्य आहे. तिथल्या दोन्ही प्रमुख राजकीय पक्षांच्या मालकीच्या स्वतंत्र दूरचित्रवाहिन्या आहेत, म्हणजे बातमी पाहणारा माणूस कोणती वाहिनी लावतो यावरून त्याचे मत कोणाला जाते हे शेजाऱ्याला कळते. अशा देशात डाफ्नी कारुआना गॅलिझिया स्वतःच्या ब्लॉगवर एकट्याने लिहीत असत आणि त्यांचे लेखन कित्येकदा छापील वृत्तपत्रांपेक्षा अधिक वाचले जात असे. पंतप्रधानांचे कार्यालयप्रमुख आणि एक मंत्री यांच्या पनामातील कंपन्यांची बातमी त्यांनी २०१६ च्या फेब्रुवारीत दिली, तेव्हा 'पनामा पेपर्स', म्हणजे परदेशांतील गुप्त कंपन्यांविषयीची फुटलेली कागदपत्रे, जगासमोर यायचे होते. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी दुपारी बिडनिया या गावातील घरातून निघाल्यावर काही मिनिटांत त्यांच्या मोटारीत बॉम्बस्फोट झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्याच्या साधारण अर्धा तास आधी त्यांनी ब्लॉगवर लिहिलेले शेवटचे वाक्य असे होते की, जिकडे पाहावे तिकडे आता बदमाश आहेत आणि परिस्थिती हताश करणारी आहे.

ही हत्या जगभर गाजली. मला मात्र इथे हत्येच्या आधीच्या वर्षभराविषयी लिहायचे आहे, कारण त्या वर्षाकडे पाहिल्याशिवाय हत्येचा अर्थ लागत नाही असे माझे ठाम मत आहे. मृत्यूच्या वेळी डाफ्नी यांच्यावर बदनामीचे चाळीसहून अधिक दावे प्रलंबित होते आणि त्यांतले काही फौजदारी होते. एका बांधकाम व हॉटेल व्यावसायिकाने तर एकाच लेखावरून त्यांच्यावर एकोणीस दावे लावले होते. बदनामीच्या एका दाव्यात मागता येणाऱ्या भरपाईला माल्टाच्या कायद्यात साधारण बारा हजार युरोंची मर्यादा होती. ती पत्रकाराच्या संरक्षणासाठी होती, परंतु एका लेखातील वेगवेगळ्या वाक्यांवर वेगवेगळे दावे लावले की ती मर्यादा आपोआप निरर्थक ठरते. प्रत्येक दाव्याचे न्यायालयीन शुल्क, प्रत्येकासाठी लेखी उत्तर, प्रत्येकाची तारीख आणि प्रत्येकासाठी वकील या सगळ्याचा भार एका माणसावर येत होता.

२०१७ च्या फेब्रुवारीत यापुढचे पाऊल टाकले गेले. तत्कालीन अर्थव्यवहारमंत्री आणि त्यांचा एक सहकारी यांनी मिळून चार दावे लावले आणि निकाल लागण्यापूर्वीच डाफ्नी यांची बँक खाती सुमारे सत्तेचाळीस हजार युरोंपुरती गोठवून घेतली. ही रक्कम म्हणजे चार दाव्यांत मिळू शकणाऱ्या कमाल भरपाईची बेरीज होती. खटला उभाही राहिला नव्हता आणि तरीही शिक्षेची रक्कम आगाऊ अडकवून ठेवली गेली होती. त्या वेळी वाचकांनी वर्गणी काढून दोन दिवसांच्या आत तेवढी रक्कम उभी केली. पुढे या मंत्र्याच्या दाव्याचे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. डाफ्नी यांनी पुराव्यासाठी संबंधितांच्या मोबाइल फोनच्या ठिकाणाची माहिती जतन करण्याचा आदेश न्यायालयाकडे मागितला होता. त्यांच्या मृत्यूनंतर २०१८ मध्ये दावा सुनावणीस आला तेव्हा दावा लावणारा मंत्रीच हजर राहिला नाही आणि न्यायालयाने तो दावा काढून टाकला.

माल्टाच्या कायद्यानुसार प्रतिवादीच्या मृत्यूने असे दावे संपत नाहीत, ते वारसांकडे जातात. डाफ्नी यांचे पती आणि तीन मुलगे आईच्या खुनाच्या तपासासाठी झगडत असताना त्याच न्यायालयाच्या इमारतीत आईच्या लेखांबद्दलच्या दाव्यांची उत्तरेही देत होते, आणि दावे लावणाऱ्यांत पंतप्रधानांचाही समावेश होता.

जुलै २०२१ मध्ये सार्वजनिक चौकशी मंडळाचा अहवाल आला. तीन न्यायाधीशांच्या, म्हणजे दोन निवृत्त आणि एका कार्यरत, मंडळाने असा निष्कर्ष काढला की हत्येच्या कटात राज्यसंस्थेचा थेट सहभाग असल्याचा पुरावा नाही, परंतु शिक्षा होणारच नाही असे वातावरण सत्तेच्या सर्वोच्च पातळीवरून निर्माण झाले आणि त्याची जबाबदारी राज्यसंस्थेने घेतली पाहिजे. मला हे दावे त्या वातावरणाचाच भाग वाटतात. ज्या स्त्रीवर देशातील अर्धे सत्ताधारी खटले लढवीत आहेत, तिच्याविषयी 'ही खोटे लिहिते' अशी समजूत लोकांत पक्की होते, इतर पत्रकार तिच्या बातमीचा पाठपुरावा करायला कचरतात, आणि ती एकटी पडते. एकट्या पडलेल्या माणसावर हात टाकणे सोपे असते.

जाणकारांनी इतर देशांविषयी भर घालावी.

कृष्णाकाठ

आपण मांडलेला क्रम, म्हणजे आधी एकटे पाडणे आणि मग हल्ला, स्लोव्हाकियात जवळजवळ तसाच दिसतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

यान कुचियाक हा 'अक्तुअलिती' या वृत्तसंकेतस्थळाचा शोधपत्रकार होता. करचुकवेगिरी आणि सरकारी अनुदानातील गैरव्यवहार हे त्याचे विषय होते आणि त्याची पद्धत अतिशय शांत होती. कंपन्यांची सार्वजनिक नोंदणी, जमिनीचे उतारे, करविषयक कागदपत्रे यांची जुळणी करून तो बातमी उभी करीत असे. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी वेल्का माचा या गावातील घरात त्याचा आणि त्याची वाग्दत्त वधू मार्टिना कुश्नीरोवा हिचा गोळ्या घालून खून करण्यात आला. दोघेही २७ वर्षांचे होते.

या प्रकरणातील एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. खुनाच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, मारिआन कोच्नेर या उद्योजकाने त्याला फोन करून तुझ्या आणि तुझ्या कुटुंबीयांच्या भानगडी शोधून काढीन अशी धमकी दिली होती. कुचियाकने पोलिसांत रीतसर तक्रार केली. नंतर त्याने स्वतःच जाहीरपणे लिहिले की तक्रारीला चव्वेचाळीस दिवस झाले, तरी प्रकरण कोणत्या पोलिसाकडे आहे हेसुद्धा त्याला कळलेले नाही. त्याआधी, २०१६ मध्ये, पंतप्रधान रॉबर्ट फित्सो यांनी पत्रकार परिषदेत अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्यांना 'घाणेरड्या, स्लोव्हाकविरोधी वेश्या' असे संबोधले होते. देशाचा प्रमुख पत्रकारांविषयी असे बोलतो, तेव्हा खालच्या पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याला त्यांच्या तक्रारीकडे किती लक्ष द्यायचे याचा अंदाज येतो.

खुनानंतर देशात १९८९ च्या, म्हणजे साम्यवादी राजवट कोसळल्याच्या, काळानंतरची सर्वांत मोठी निदर्शने झाली आणि मार्च २०१८ मध्ये फित्सो यांना राजीनामा द्यावा लागला. गोळ्या झाडणारा माजी सैनिक मिरोस्लाव्ह मार्चेक याला शेवटी २५ वर्षांची शिक्षा झाली. कोच्नेरला मात्र खालच्या न्यायालयाने दोन वेळा निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वेळा तो निकाल रद्द करून प्रकरण पुन्हा चालवायला लावले. आपण खुनाचा आदेश दिला नाही असेच त्याचे म्हणणे आहे. फित्सो २०२३ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने सार्वजनिक दूरचित्रवाणी व आकाशवाणीची संस्था कायद्याने बरखास्त करून तिच्या जागी नवी संस्था आणली, ज्यामुळे आधीच्या महासंचालकांचे पद मुदतीपूर्वीच संपले.

दूरचा_वाचक

दोन्ही प्रकरणे क्लेशकारक आहेत आणि हत्येचे समर्थन कोणीही करणार नाही. तरीही मूळ लेखातील एका गृहीतकावर मला आक्षेप नोंदवायचा आहे. दावा लावणे हा नागरिकाचा हक्क आहे. एखाद्या माणसाविषयी खोटी बातमी छापली गेली, ती लाखो लोकांनी वाचली आणि त्याचा व्यवसाय किंवा संसार त्यामुळे उद्ध्वस्त झाला, तर त्याने न्यायालयात जायचे नाही तर कुठे जायचे? डाफ्नी यांच्या ब्लॉगवर भ्रष्टाचाराच्या कागदोपत्री बातम्यांबरोबर लोकांच्या दिसण्याविषयी, कपड्यांविषयी आणि खासगी आयुष्याविषयी अत्यंत बोचरे मजकूरही असत, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे. चाळीस दावे ही संख्या ऐकायला भयंकर वाटते, परंतु त्यांतला एखादा दावा खरोखर दुखावलेल्या माणसाचा असू शकतो. सर्व दाव्यांना सेन्सॉरशिप म्हटले, तर माध्यमे कोणालाच उत्तरदायी राहणार नाहीत.

सनद_२००२

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेने न देता कायद्याच्या अंगाने दिले पाहिजे. वकिलीच्या निमित्ताने मी हा विषय काही वर्षे वाचीत आलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बदनामीचा खरा दावा आणि तोंड बंद करण्यासाठी लावलेला दावा यांतला फरक मजकुराच्या कडवटपणावर ठरत नाही. तो दावा चालवण्याच्या पद्धतीवरून ओळखू येतो. ज्याला आपले नाव खरोखर स्वच्छ करायचे असते, त्याला निकाल लवकर हवा असतो आणि तो साक्षीला उभा राहायला तयार असतो. ज्याला लिहिणाऱ्याला थकवायचे असते, त्याला निकाल नको असतो, त्याला तारखा हव्या असतात. एका लेखावर अनेक दावे लावणे, संस्थेला वगळून वार्ताहराला व्यक्तिशः प्रतिवादी करणे, अवाच्या सवा भरपाई मागणे, जिथे खर्च सर्वाधिक होईल अशा परक्या देशातील न्यायालय निवडणे आणि ऐन पुराव्याच्या वेळी दावा मागे घेणे किंवा वाऱ्यावर सोडणे ही त्याची ठरलेली लक्षणे आहेत. वर ज्या मंत्र्याचा उल्लेख आला आहे, त्याच्या दाव्यात यांतले शेवटचे लक्षण स्पष्ट दिसते.

परक्या न्यायालयाचा मुद्दा माल्टात फार तीव्र होता. तिथल्या एका खासगी बँकेने तिच्याविषयी बातम्या देणाऱ्या स्थानिक वृत्तसंस्थांना अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये कोट्यवधींचे दावे लावण्याच्या नोटिसा पाठवल्या, आणि काही वृत्तसंस्थांनी खर्चाच्या धास्तीने आपल्या संकेतस्थळांवरील मजकूर बदलला किंवा उतरवला. पाच लाख वस्तीच्या देशातील वृत्तपत्राची वार्षिक उलाढाल लंडनमधील एका खटल्याच्या खर्चात संपू शकते, त्यामुळे दावा प्रत्यक्ष लावण्याचीही गरज पडत नाही. युरोपीय मध्यवर्ती बँकेने २०१८ मध्ये त्या बँकेचा परवाना रद्द केला. म्हणजे ज्या बातम्या उतरवल्या गेल्या, त्यांत लोकांना कळायला हवे असे काहीतरी निश्चित होते.

अशा दाव्यांना युरोपात 'स्लॅप' या संक्षेपाने ओळखले जाते. त्यांच्याविरुद्ध युरोपीय संघाने ११ एप्रिल २०२४ रोजी निर्देश क्रमांक २०२४/१०६९ संमत केला आणि तो 'डाफ्नी कायदा' या नावाने ओळखला जातो. सदस्य देशांनी ७ मे २०२६ पर्यंत तो आपापल्या कायद्यात आणायचा होता. दूरचा_वाचक यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या निर्देशाच्या रचनेतच आहे. दावा लावण्याचा हक्क त्याने काढून घेतलेला नाही. प्रतिवादीने अर्ज केल्यास न्यायालयाने आरंभीच त्या दाव्याची तपासणी करायची, तो उघडपणे निराधार असेल तर तिथेच फेटाळायचा, आणि तो निराधार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा लावणाऱ्यावर टाकायची, अशी ही योजना आहे. खेरीज दावा लावणाऱ्याकडून प्रतिवादीच्या खर्चासाठी तारण मागता येते, गैरवापर सिद्ध झाल्यास पूर्ण खर्च आणि दंड वसूल करता येतो, आणि युरोपीय संघाबाहेरच्या न्यायालयाने अशा दाव्यात दिलेला निकाल सदस्य देशाने अमान्य करायचा असतो. ज्याचा दावा खरा आहे, त्याला या तपासणीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

माल्टाने स्वतः २०१८ मध्ये फौजदारी बदनामी रद्द केली आणि बदनामीच्या दाव्यात आगाऊ खाती गोठवण्याची तरतूदही काढून टाकली. ही सुधारणा डाफ्नी जिवंत असताना झाली असती, तर त्यांच्यावरच्या दाव्यांची धार बरीच कमी झाली असती. आपल्या वाचकांनी हेही लक्षात घ्यावे की भारतात बदनामी हा आजही गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती तरतूद वैध ठरवली आहे.

पाऊलखुणा

चर्चा खटल्यांवर केंद्रित झाली आहे, पण हंगेरीकडे पाहिले की असे वाटते, तिथल्या सत्तेला खटल्यांची फारशी गरजच पडली नाही. पत्रकाराला न्यायालयात ओढण्यापेक्षा त्याचा मालक बदलणे अधिक स्वस्त पडते आणि त्यात कोणाचे रक्त सांडत नाही, त्यामुळे जगाचे लक्षही तिकडे जात नाही.

'नेप्साबाद्शाग' हे १९५६ पासून निघणारे हंगेरीतील अग्रगण्य दैनिक ८ ऑक्टोबर २०१६ या शनिवारी अचानक बंद करण्यात आले. संपादकीय विभाग नव्या कार्यालयात जायच्या तयारीत सामान बांधून बसला होता आणि त्या सकाळी लोकांना घरीच कळवण्यात आले की कामावर येऊ नका. तोटा हे कारण देण्यात आले. त्यानंतर काही आठवड्यांतच ती प्रकाशन कंपनी पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्या निकटवर्तीयांशी संबंधित कंपनीकडे गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारधार्जिण्या मालकांनी आपली चारशेहून अधिक वृत्तपत्रे, संकेतस्थळे आणि वाहिन्या एका नव्या प्रतिष्ठानाला विनामूल्य दान केल्या. इतक्या मोठ्या एकत्रीकरणाला स्पर्धा आयोगाची परवानगी लागते, परंतु सरकारने हे एकत्रीकरण 'राष्ट्रीय धोरणात्मक महत्त्वाचे' असल्याचे जाहीर करून ती तपासणीच टाळली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतील स्थानिक दैनिकांत त्याच मुलाखती आणि तेच मथळे एकाच दिवशी छापून येऊ लागले. पुण्याचे, कोल्हापूरचे, नागपूरचे आणि रत्नागिरीचे स्थानिक दैनिक एकाच टेबलावरून लिहिले जाऊ लागले, तर आपल्या गावच्या नळाच्या पाण्याची तक्रार कोण छापील, असा विचार करून पाहावा.

'इंडेक्स' या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या संकेतस्थळाची गोष्ट मला विशेष शिकवून गेली. २०२० च्या मार्चमध्ये सरकारच्या जवळच्या एका उद्योजकाने इंडेक्ससाठी जाहिराती मिळवणाऱ्या कंपनीत निम्मा हिस्सा घेतला. संपादकीय विभागाला कोणी हातही लावला नव्हता, परंतु पैशाचा नळ दुसऱ्याच्या हातात गेला होता. संपादक साबोल्च दुल यांनी वाचकांना जाहीरपणे सांगितले की आपले स्वातंत्र्य धोक्यात आहे, आणि जुलैमध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. २४ जुलै रोजी सत्तरहून अधिक सहकाऱ्यांनी एकत्र राजीनामे दिले. त्या संध्याकाळी हजारो लोक बुडापेस्टच्या रस्त्यांवर उतरले. बाहेर पडलेल्या पत्रकारांनी वाचकांकडून पैसे गोळा करून ऑक्टोबरमध्ये 'टेलेक्स' हे नवे संकेतस्थळ सुरू केले.

सरकारी जाहिराती, नियामक मंडळ आणि नभोवाणी प्रक्षेपणाच्या वारंवारतेचे परवाने ही याच साखळीतली आणखी हत्यारे होती. क्लुबरादियो या स्वतंत्र नभोवाणी केंद्राने हंगेरियन संगीताच्या प्रमाणाची माहिती काही वेळा उशिरा दाखल केली होती. तेवढ्या कारणावरून त्याच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले आणि १४ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याला हवेतून उतरून इंटरनेटवर जावे लागले. प्रत्येक निर्णय कागदावर नियमाला धरून होता आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध दाद मागणे इतके कठीण गेले.

दूरचा_वाचक

सनद_२००२ यांचा खुलासा पटण्यासारखा आहे. दावा कसा चालवला गेला यावरून त्याचा हेतू ओळखावा, हा निकष माझ्या डोक्यात नव्हता. मात्र एक विचारावेसे वाटते. मालकी बदलून माध्यम ताब्यात घेतले जात असेल, तर त्यावर ब्रुसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे, काही उपाय आहे का? शेवटी विकणारा मालक आपल्या मर्जीने विकत असतो.

सनद_२००२

उपाय आहे, पण तो अपुरा आहे. 'युरोपीय माध्यम स्वातंत्र्य अधिनियम' ८ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. तो निर्देश नसून नियमन असल्यामुळे देशांनी वेगळा कायदा न करताही तो लागू होतो. त्यानुसार माध्यमांचा खरा मालक कोण हे जाहीर करावे लागते, सरकारी जाहिराती पारदर्शक आणि भेदभावरहित निकषांवर वाटाव्या लागतात, आणि माध्यमांच्या एकत्रीकरणाचा विचारवैविध्यावर काय परिणाम होईल हे तपासावे लागते. हंगेरीने या अधिनियमालाच युरोपीय न्यायालयात आव्हान दिले, यावरून तो कुठे दुखतो ते कळते. पण २०१८ मध्ये एकत्र झालेली चारशे माध्यमे हा अधिनियम पुन्हा वेगळी करीत नाही. घडून गेलेल्या गोष्टीवर त्याचा अंमल चालत नाही.

टिपणवही

पाऊलखुणा यांच्या प्रतिसादामुळे विषयाची दुसरी बाजू पुढे आली, त्याबद्दल आभार. त्यात मी हेरगिरीची भर घालतो. ग्रीसमध्ये बँकिंग क्षेत्रावर लिहिणारे पत्रकार थानासिस कुकाकिस यांच्या फोनमध्ये 'प्रेडेटर' ही हेरगिरीची प्रणाली सापडली आणि त्याआधी त्यांचा फोन राष्ट्रीय गुप्तचर संस्थाही ऐकत होती, हे २०२२ मध्ये उघड झाले. हंगेरीत शोधपत्रकार साबोल्च पान्यी यांच्या फोनवर 'पेगासस' ही अशीच प्रणाली वापरली गेली. इटलीत २०२५ च्या आरंभी 'फॅनपेज' या संकेतस्थळाच्या संपादकांना व्हॉट्सॲपकडून इशारा आला की त्यांच्या फोनला लक्ष्य करण्यात आले आहे. या सर्व प्रकारांत पत्रकाराचे नुकसान होतेच, परंतु त्याहून मोठे नुकसान त्याला माहिती देणाऱ्या माणसाचे होते. एखाद्या खात्यातील कारकून कागद घेऊन वार्ताहराकडे जातो तो नाव उघड होणार नाही या विश्वासावर. सूत्रांच्या गोपनीयतेला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्येच गुडविन खटल्यात संरक्षण दिले होते. फोनच उघडा पडला असेल, तर त्या संरक्षणाचा कारकुनाला काही उपयोग राहत नाही आणि तो पुढच्या वेळी कागद आणत नाही.

कृष्णाकाठ

माल्टाविषयी एक विचारायचे आहे. डाफ्नी यांच्या प्रकरणात शिक्षा कोणाकोणाला झाली आणि तिथल्या पत्रकारांची आजची स्थिती सुधारली आहे का?

टिपणवही

शिक्षेच्या बाबतीत काही प्रमाणात न्याय झाला आहे. बॉम्ब ठेवणाऱ्या तिघांपैकी एकाने गुन्हा कबूल करून २०२१ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा घेतली, उरलेल्या दोघा भावांना ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रत्येकी चाळीस वर्षांची शिक्षा झाली, आणि बॉम्ब पुरवणाऱ्या दोघांना जून २०२५ मध्ये जन्मठेप झाली. कटाचा सूत्रधार असल्याचा आरोप उद्योजक यॉर्गेन फेनेक याच्यावर २०१९ मध्ये ठेवण्यात आला आणि तो त्याने नाकारला आहे. त्याच्या अटकेनंतर उसळलेल्या आंदोलनामुळे पंतप्रधान जोसेफ मस्कॅट यांनी पद सोडले.

सुधारणेबद्दल मात्र मी फार आशावादी नाही, आणि त्याची दोन कारणे सांगतो.

व्हॅलेटा शहरात न्यायालयासमोर एक जुने स्मारक आहे. हत्येनंतर लोकांनी त्याच्या पायथ्याशी डाफ्नी यांचे छायाचित्र, फुले आणि मेणबत्त्या ठेवायला सुरुवात केली. सफाई कर्मचारी ते सर्व उचलून नेत आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा नवी फुले आणून ठेवत. हा प्रकार दोन वर्षांहून अधिक काळ अक्षरशः रोज चालू होता. अखेर जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की मंत्र्याच्या आदेशाने केलेली ही सफाई नागरिकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. फुले ठेवण्याचा हक्क मिळवण्यासाठीही घटनात्मक खटला लढवावा लागतो, यात तिथल्या सत्तेची मनोवृत्ती पुरेशी स्पष्ट होते.

दुसरे कारण अधिक अलीकडचे आहे. 'द शिफ्ट' या छोट्या वृत्तसंकेतस्थळाने माहिती अधिकारात विचारले की एका माध्यम व्यावसायिकाच्या कंपन्यांना सरकारी खात्यांनी किती पैसे दिले. माहिती आयुक्तांनी माहिती द्यावी असा निर्णय दिला. त्यावर चाळीस सरकारी संस्थांनी स्वतंत्रपणे चाळीस अपिले दाखल केली. प्रश्न एकच, उत्तर एकच, तरी मूठभर माणसांच्या संस्थेला चाळीस प्रकरणांत वकील उभा करावा लागला आणि तोही वाचकांच्या देणग्यांतून. समोरच्या बाजूचा सगळा खर्च करदात्यांच्या पैशातून होत होता. 'द शिफ्ट'ने ती अपिले जिंकली. मात्र तोवर जो वेळ आणि पैसा गेला, त्यात किती बातम्या करता आल्या असत्या याचा हिशोब कोणी देणार नाही.

पाऊलखुणा

ही चाळीस अपिले 'डाफ्नी कायद्या'खाली येतील का? सरकारी संस्था, देशांतर्गत वाद आणि माहिती अधिकार, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून विचारते.

सनद_२००२

नाही, येणार नाहीत, आणि हा या कायद्यातील सर्वांत मोठा उणेपणा आहे. युरोपीय संघाला दिवाणी प्रक्रियेविषयी नियम करण्याचा अधिकार मुख्यतः सीमापार प्रकरणांपुरता आहे, म्हणून निर्देश अशाच दिवाणी प्रकरणांना लागू होतो ज्यांचा संबंध एकाहून अधिक देशांशी आहे. पत्रकारांवरचे बहुतांश दावे मात्र त्याच गावातील महापौर, त्याच शहरातील बांधकाम व्यावसायिक किंवा त्याच देशातील मंत्री लावीत असतो. क्रोएशियाच्या पत्रकार संघटनेच्या पाहणीत अलीकडच्या वर्षांत माध्यमांवर आणि पत्रकारांवर नऊशेहून अधिक दावे चालू असल्याचे आढळले. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आसपास असलेल्या देशाच्या मानाने ही संख्या प्रचंड आहे, आणि तिथे दावा लावणाऱ्यांत स्वतः न्यायाधीशही आहेत. पोलंडमध्ये दंडसंहितेतील बदनामीचे कलम २१२ वर्षानुवर्षे पत्रकारांवर वापरले गेले. इटलीतही बदनामी हा गुन्हा आहे, जरी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये सक्तीच्या कैदेची तरतूद रद्द केली. संघाबाहेर, बोस्नियातील सर्ब प्रजासत्ताकाने तर २०२३ मध्ये बदनामी पुन्हा फौजदारी गुन्हा ठरवली. फौजदारी प्रकरणांना निर्देश मुळातच लागू नाही.

देशांतर्गत दाव्यांसाठी 'कौन्सिल ऑफ युरोप' या युरोपीय संघाहून वेगळ्या संघटनेच्या मंत्रिसमितीने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या ४६ सदस्य देशांना एक व्यापक शिफारस केली. तिच्यात दिवाणी, फौजदारी आणि प्रशासकीय अशा सर्व प्रकारच्या कारवाया धरल्या आहेत, म्हणजे 'द शिफ्ट'च्या अपिलांसारखे प्रकरणही तिच्या कक्षेत बसू शकते. परंतु ती शिफारस बंधनकारक नाही. माल्टाने युरोपीय निर्देश आपल्या कायद्यात आणण्यासाठी इतरांच्या आधी पावले उचलली आणि त्याचा गाजावाजाही केला, पण तरतूद सीमापार दाव्यांपुरतीच ठेवली. डाफ्नी यांच्यावर मृत्यूच्या दिवशी प्रलंबित असलेले बहुतेक सर्व दावे माल्टाच्या नागरिकांनी माल्टाच्याच न्यायालयात लावलेले होते. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याचे संरक्षण त्यांतल्या बहुतेक दाव्यांविरुद्ध त्यांना मिळाले नसते. म्हणून प्रत्येक देशाच्या संसदेत हा निर्देश आणताना देशांतर्गत दावेही त्यात घ्या अशी मागणी तिथल्या पत्रकार संघटना करीत आहेत, आणि युरोपात राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांना तिथे मताधिकार आहे त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधीला याविषयी अवश्य लिहावे.